पीकेयूमधली चिडचिड: स्वभावाला दोष देण्याआधी रक्त तपासा

पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्यूरिया असलेली व्यक्ती एकाएकी चिडचिडी झाली, कामात लक्ष लागेना, उगाचच धास्ती वाटू लागली, तर आधी रक्तातलं फेनिलअ‍ॅलॅनिन (प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल) मोजावं.

या आनुवंशिक आजारात फेनिलअ‍ॅलॅनिनचं टायरोसिन करणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) नीट चालत नाही. साठलेलं फेनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तिन्ही अमिनो आम्लं मेंदूत एकाच वाहकातून शिरतात. पहिल्याची गर्दी झाली की उरलेली दोन दारातच ताटकळतात. मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांपैकी डोपामिन टायरोसिनपासून बनतं, सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून. कच्चा मालच अडला तर उत्साह आणि एकाग्रता येणार कुठून?

म्हणून अन्नातली प्रथिनं मोजकी ठेवण्याचं पथ्य असतं. पूर्वी बालपण सरलं की ते सोडायला सांगत. आता ते आयुष्यभराचं मानतात. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार पातळी 12 वर्षांपर्यंत 120 ते 360 आणि पुढे 600 मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत असावी.

सगळ्यात जाचक गोष्ट पुढेच आहे. पथ्यासाठी प्रत्येक घास मोजायचा (1 ग्रॅम प्रथिनात साधारण 50 मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलॅनिन), प्रथिनांऐवजीची, फेनिलअ‍ॅलॅनिन वगळलेली पावडर दिवसातून किमान 3 वेळा विभागून घ्यायची. याला लागतं नियोजन, आणि पातळी चढली की नेमकं तेच ढासळतं. पथ्य मोडणाऱ्याला आळशी म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. त्यापेक्षा पावडरचे दिवसभराचे डोस आदल्या रात्री मोजून ठेवायला हात द्यावा.

रक्ताचा थेंब दर वेळी सकाळी, उपाशीपोटी घ्यावा. तो तपासणीच्या टिपकागदावर टाकतात; त्यावरचं वर्तुळ मागच्या बाजूपर्यंत भिजलं पाहिजे. थेंबावर थेंब टाकला तर आकडा चुकतो. पथ्य काटेकोर असूनही पातळी वाढली असेल तर ताप किंवा अपुरा आहार कारण असू शकतो: शरीर स्वतःचेच स्नायू मोडून फेनिलअ‍ॅलॅनिन रक्तात सोडतं.

पावडर बंद, पण मांस-दूधही नाही, अशांनी बी-12 जरूर तपासावं. त्याच्या कमतरतेनेही मन खचतं, विसराळूपणा येतो.

पातळी आटोक्यात असूनही उदासी हटत नसेल, तर तिच्यावर वेगळे उपचार हवेत. समुपदेशन आणि नैराश्यावरची औषधं पीकेयूमध्येही देता येतात. फक्त तोंडात विरघळणाऱ्या गोळीत अ‍ॅस्पार्टेम नाही ना, हे वेष्टनावर पाहावं, कारण त्यातून फेनिलअ‍ॅलॅनिन मिळतं. आणि जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा.