सिक्युरिटीचा हा थकवा आला कुठून

सध्या सायबर सिक्युरिटीत जिकडे बघावं तिकडे एकच चर्चा चालू आहे, अलर्ट आणि टूलच्या गर्दीने टीम थकल्यात, तेव्हा टूल कमी करा, एकाच प्लॅटफॉर्मवर या, आणि स्वतःला झेपत नसेल तर मॅनेज्ड सिक्युरिटीवाल्यांकडे, म्हणजे हे काम बाहेरून करून देणाऱ्या कंपन्यांकडे, सोपवा. सल्ला वाईट नाहीये. पण थकवा नेमका कशाने आला हे न बघता टूल बदलली की वर्षभरात आपण परत तिथेच येतो, म्हणून जरा मागे जाऊन बघूया.

आधी थकवा म्हणजे काय ते. मी काही वर्षं सॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या विभागात, रात्रपाळी केलीय, तिथला एक अलर्ट सांगतो. पहाटे अडीचला स्क्रीनवर लाल ओळ येते, एका अकाउंटवर दोन मिनिटांत पन्नास वेळा लॉगिन फेल. लॉग (सिस्टिमच्या नोंदी) उघडायचा, आयपी ॲड्रेस कॉपी करायचा, दुसऱ्या टूलमध्ये टाकून बघायचं की तो बदनाम आहे का, मग ते मशीन कोणाचं हे शोधायला तिसरा कन्सोल, त्याचं सेशन संपलेलं असतं म्हणून परत पासवर्ड परत ओटीपी, आणि वीस मिनिटांनी कळतं की कोणीतरी सर्व्हिस अकाउंटचा (प्रोग्रॅमसाठी काढलेल्या खात्याचा) पासवर्ड बदललाय आणि एक जुनी स्क्रिप्ट अजून जुनाच पासवर्ड मारत बसलीय. फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, क्लोज. तोवर खाली चाळीस नवीन आलेले असतात. पुढच्या आठवड्यात तसलाच अलर्ट दिसला की बोट आपोआप क्लोजवर जातं, आणि नेमका तोच खरा असू शकतो.

याला आळस म्हणू नका. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत १९७९ साली अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजायला लागले होते, त्यातला महत्त्वाचा कोणता हे ऑपरेटरना वेगळं काढताच येईना. हॉस्पिटलमध्ये मॉनिटर सतत वाजत राहतात आणि स्टाफचे कान सरावतात, त्यावर अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये खास इशारा काढला होता. म्हणजे दुखणं जुनंच आहे, आमच्या क्षेत्रात ते नंतर आलं.

कॉम्प्युटरमधली घुसखोरी ओळखायची कल्पना नीट मांडली ती संशोधक डोरोथी डेनिंग यांनी, १९८७ च्या पेपरमध्ये. सिस्टिमचं रोजचं वागणं मोजा, त्यापेक्षा वेगळं काही दिसलं की सांगा. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशीनं आडवी केली आणि त्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट, म्हणजे अशा वेळी मदतीला धावणारं पथक, उभं राहिलं. मग नव्वदच्या दशकात एकेका दुखण्यावर एकेक डबा, म्हणजे वेगळं टूल, यायला लागला. व्हायरससाठी अँटिव्हायरस होताच, नेटवर्कसाठी येणारी-जाणारी रहदारी अडवणारे फायरवॉल आले, चेक पॉइंटचा फायरवॉल-वन १९९४ चा, मार्टिन रोश यांचा घुसखोरी ओळखणारा स्नॉर्ट १९९८ चा, मग स्पॅमला वेगळा डबा, वेबला वेगळा, व्हीपीएनला वेगळा, आणि प्रत्येकाचा कन्सोल वेगळा, लॉगिन वेगळं, रिन्यूअलची तारीख वेगळी. यातली प्रत्येक खरेदी त्या त्या वेळी योग्यच होती. हल्ला झाला किंवा ऑडिटमध्ये शेरा आला की टूल घेतलं जायचं. जुनं काढायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण उद्या काही झालं तर "तूच काढलं होतंस" हे कोणाला ऐकायचंय.

आणि गणित पहिल्यापासूनच विरोधात होतं. स्टेफान ॲक्सेलसन या स्वीडिश संशोधकाने १९९९ मध्येच ते दाखवून दिलं होतं. समजा दिवसाला १० लाख नोंदी येतात आणि त्यातल्या १० खरोखर घातक आहेत. टूल साध्या नोंदींत हजारात एकदाच चुकतं असं धरलं, जे खूप चांगलं झालं, तरी हजारेक खोटे अलर्ट पडणार, म्हणजे शंभर उघडले तर त्यात एक खरा. टूल कितीही महाग घ्या, खरे हल्ले इतके विरळ असतात की खोट्यांची गर्दी होतेच.

यावरचे उपाय पण वेळोवेळी आले. २००४ मध्ये बाजाराचा अभ्यास करणाऱ्या आयडीसीने यूटीएम हे नाव रूढ केलं, फायरवॉल-अँटिव्हायरस-घुसखोरी सगळं एकाच डब्यात, म्हणजे टूल एकत्र करायची कल्पना काही आजची नाही. २००५ मध्ये तसल्याच गार्टनर कंपनीने सिएम हा शब्द आणला, सगळे लॉग एका जागी आणायचे आणि त्यांची सांगड घालायची. कल्पना चांगली, पण खूप ठिकाणी झालं असं की दहा टूलचा आवाज एका स्क्रीनवर आला, आवाज कमी झालाच नाही. मग ईडीआर (एकेका मशीनवर नजर), सोअर (ठरलेली कामं आपोआप), २०१८ पासून एक्सडीआर (मशीन, नेटवर्क, ईमेल सगळ्यावर मिळून नजर), दर तीन-चार वर्षांनी नवीन नाव.

टार्गेटचं प्रकरण मला अजून अस्वस्थ करतं. २०१३ च्या शेवटी अमेरिकेतल्या या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांचा डेटा गेला. मार्च २०१४ मध्ये ब्लूमबर्ग बिझनेसवीकने छापलं की नवीन बसवलेल्या फायरआय टूलने मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ३० नोव्हेंबरला पकडलं होतं, बंगळुरूच्या टीमने ते बघून मिनियापोलिसला कळवलं पण होतं. पुढे काहीच हललं नाही. टूलमध्ये मालवेअर आपोआप उडवायची सोय होती, ती बंद ठेवलेली. डिसेंबरच्या मध्यात सरकारी यंत्रणेने सांगितल्यावर कंपनीला कळलं. टूल होतं, माणसं होती, अलर्ट खरा होता, फक्त तो आल्यावर हात कोणी हलवायचा हे पक्कं नव्हतं. आजच्या मॅनेज्ड सर्व्हिसच्या करारात मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

साध्या वापरणाऱ्यांचा थकवा हा वेगळा धागा आहे. निस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेच्या, संशोधकांनी २०१६ मध्ये ४० लोकांच्या मुलाखतींवरून लिहिलं की लोक पासवर्ड आणि इशाऱ्यांना कंटाळून हात टेकतात आणि सोपा पण धोक्याचा रस्ता धरतात. २०१७ मध्ये निस्टने ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा आग्रह सोडला. हल्लेखोरांनी मात्र थकव्याचंच हत्यार केलं, सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाला लॉगिन मंजूर करायच्या रिक्वेस्ट एकामागून एक पाठवत राहिले आणि शेवटी त्याने एक मंजूर केली.

आता बाहेर काम देण्याचं. नव्वदच्या दशकात इंटरनेट कंपन्याच ग्राहकाला फायरवॉल विकायच्या आणि थोडे जास्त पैसे घेऊन तो डायल-अपवरून सांभाळायच्या, एमएसएसपी, म्हणजे दुसऱ्यांची सिक्युरिटी सांभाळणाऱ्या कंपन्या, त्यांचं मूळ तिथे आहे. १९९९ मध्ये सिक्युरिटीतज्ज्ञ ब्रूस श्नायर यांची काउंटरपेन कंपनी निघाली, मशीनच्या मागे चोवीस तास माणूस बसलेला पाहिजे या विचारावर, २००६ मध्ये ती ब्रिटनच्या बीटी या टेलिकॉम कंपनीने घेतली. पण खूपशा एमएसएसपी अलर्ट पुढे ढकलण्यापुरत्याच राहिल्या, ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये मेल टाकला की काम संपलं. म्हणूनच पुढे एमडीआर हा प्रकार वेगळा झाला, ज्यात प्रोव्हायडरने स्वतः तपास करून मशीन नेटवर्कपासून तोडणं पण अपेक्षित असतं.

एकत्रीकरणाची लाट गेल्या काही वर्षांतली. गार्टनरच्या २०२२ च्या सर्वेमध्ये ७५ टक्के संस्था सिक्युरिटी व्हेंडर कमी करायच्या मागे होत्या, २०२० मध्ये हाच आकडा २९ टक्के होता. त्यात ६५ टक्क्यांना धोका कमी व्हायची अपेक्षा होती आणि लायसन्सचा खर्च वाचेल असं २९ टक्क्यांनाच वाटत होतं. म्हणजे लोक मुख्यतः पैशासाठी हे करत नव्हते, त्यांना झेपत नव्हतं. मार्च २०२४ मध्ये नेटवर्कवाल्या सिस्कोने सुमारे २८ अब्ज डॉलरला लॉग गोळा करून तपासणारी स्प्लंक कंपनी घेतली, मोठे व्हेंडर पण त्याच दिशेला निघालेत.

धोका पण तिथेच आहे. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आयटी प्रोव्हायडरमधून रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) खाली त्यांच्या ग्राहकांपर्यंत उतरलं आणि आठशे ते दीड हजार छोट्या कंपन्या अडकल्या, ज्यातल्या कित्येकांना कसेयाचं नाव पण माहीत नसेल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली, हल्ला न होता. तरी मी एकत्र आणण्याच्याच बाजूने आहे, कारण पंधरा कन्सोल सांभाळणारी तीन माणसांची टीम मी बघितलीय आणि ती टीम काहीच सांभाळत नसते.

आमच्याकडे प्रोव्हायडर आला तेव्हा पहिले दोन महिने त्यांचे अलर्ट एका सामायिक मेलबॉक्समध्ये पडत होते, ज्याच्याकडे तो बघायचं काम होतं तो नोकरी सोडून गेलेला. ते कळल्यावर करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: रात्री फोन कोणाला लागणार, न विचारता कुठलं मशीन तोडायची मुभा, आणि दर आठवड्याला सगळ्यात जास्त वाजलेल्या पाच अलर्टचं मूळ शोधायची मीटिंग. पहिल्या मीटिंगच्या यादीत सगळ्यात वर ती जुनी स्क्रिप्ट होती. ती लिहिणाऱ्याला शोधून त्याच दुपारी बंद करवली, आणि त्या रात्री अडीचला ती लाल ओळ आली नाही.