नेट स्लो झालंय ते कोटा संपला म्हणून का टॉवर भरला म्हणून?

रात्रीचे आठ-साडेआठ झाले की लातूर घ्या, बीड घ्या, नांदेड घ्या, घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "नेट चालंना गेलंय." मग कोणी कंपनीला शिव्या घालतं, कोणी पळत जाऊन एक-दोन जीबीचा छोटा रिचार्ज मारून येतं आणि कोणी थेट सिम पोर्ट करायच्या गोष्टी करतं. पण नेट स्लो होण्यामागं दोन एकदम वेगळी कारणं असतात. स्क्रीनवर दोन्हीत सेमच दिसतं, तेच गोल गोल फिरणारं चक्र, पण एकीत रिचार्ज मारला की लगेच सुटतं आणि दुसरीत कितीबी पैसे घाला, काडीचा फरक पडत नाही. लोकांचे पैसे चुकीच्या जागी जातात हे रोज बघतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं कारण म्हणजे रोजचा कोटा संपणं. तुमचा प्लॅन दिवसाला १.५ जीबीचा असेल तर त्याचा हिशोब टॉवरवर होत नाही, कंपनीच्या मेन सिस्टीममध्ये होतो, तिथं तुमच्या नंबरसमोर आज किती एमबी गेले हे चालूच असतं, आणि कोटा भरला की सिस्टीम तुमच्या सिमच्या डेटाला स्पीडची मर्यादा लावून टाकते. ती मर्यादा बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस असते, बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ४० असते. ६४ केबीपीएस म्हणजे नेमकं किती? सेकंदाला ८ केबी. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांच्या वर जातात आणि अख्खा तासभर न थांबता नेट चाललं तरी जेमतेम २९ एमबी. व्हॉट्सअपचा साधा मेसेज जातो, यूपीआयला डेटा लई थोडा लागतो त्यामुळं जरा धीर धरला तर तेही बहुतेक होऊन जातं, पण व्हिडिओ विसरायचा. आणि प्लॅनवर मोठ्या अक्षरात "अनलिमिटेड" लिहिलेलं असतं ते याच जोरावर, नेट बंद होत नाही एवढंच त्यातलं खरं.

दुसरं कारण टॉवरवरची गर्दी. एका टॉवरला साधारण तीन दिशांना तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाकडं ठरावीकच स्पेक्ट्रम, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींची जागा, असतं, त्या भागात जेवढे मोबाईल चालू तेवढ्यांत ते वाटलं जातं. शेतकऱ्याला हे सांगायलाच नको, एका डीपीवर सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि कुणाचंच पाणी धड चढत नाही, तसंच. इथं तुमचा कोटा पूर्ण शिल्लक असतो, सिग्नलच्या काड्या फुल्ल असतात, तरी नेट रडतं. काड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय ते सांगतात, त्याच टॉवरवर आणखी किती जण लटकलेत ते सांगत नाहीत. नवरात्रात तुळजापूरला गेलेल्या माणसानं हे अनुभवलेलं असतं, मंदिराच्या आसपास काड्या फुल्ल आणि साधा फोटो पाठवायचा म्हटलं तर जात नाही.

आता गोंधळ का होतो ते बघा, मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवसभर रील्स, व्हॉट्सअपचे आपोआप उतरणारे व्हिडिओ, मागं गुपचूप चाललेला फोटो बॅकअप यात कोटा संपतो तो संध्याकाळीच. आणि गर्दीची वेळपण तीच, जेवणं झाली, लोक घरी आले, मॅच लागली. दोन्ही त्रास एकाच टायमाला सुरू होतात. आणि रात्री बारानंतर दोन्ही सुटतात! कोटा बाराला नवीन मिळतो आणि लोकपण झोपायला लागतात म्हणून टॉवर मोकळा होतो. त्यामुळं "बारानंतर नेट चालतंय म्हणजे कोटाच संपला असणार" किंवा "म्हणजे टॉवरचाच प्रॉब्लेम" असे दोन्ही अंदाज चुकू शकतात, नुसत्या घड्याळावरून काहीच ठरवू नका.

ओळखायचं कसं? सगळ्यात पक्की खूण म्हणजे शेजारचा मोबाईल. त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा मोबाईल तिथंच, त्याच खोलीत चालवून बघा, तोही ४जी वर असेल तर तुमचाही ४जी वरच ठेवा. त्याचं पळतंय आणि तुमचं नाही म्हणजे बहुतेक तुमचा कोटा संपलाय, दोघांचंही रडतंय आणि डेटा दोघांकडं शिल्लक आहे म्हणजे टॉवर. दुसरी खूण स्पीड टेस्टमध्ये मिळते. कोटा संपला असेल तर आकडा ०.०६ एमबीपीएसच्या आसपास चिकटून बसतो, गच्चीवर जा, टॉवरच्या खाली जा, नाहीतर गाडीत बसून औरादहून लातूरला या, आकडा हलत नाही. गर्दी असेल तर तो उड्या मारतो, आत्ता ०.४, मिनिटभरात ५, परत १. कोटा संपल्यावर कॉल मात्र स्वच्छ लागतो, कारण कॉलचा रस्ता डेटापासून वेगळा ठेवलेला असतो, गर्दी फारच वाढली तर कॉलपण लागायला त्रास देतो. आणि हे सगळं करायच्या आधी कंपनीचं ॲप उघडून शिल्लक डेटा बघा, ५० टक्के आणि ९० टक्के संपल्याचे मेसेज येतात ते आपण न वाचताच उडवतो.

५जी आल्यापासून अजून एक भानगड झालीय. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेलनं अनलिमिटेड ५जी मुख्यतः दिवसाला २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनलाच ठेवलं. आता समजा असा प्लॅन असलेला माणूस शहरात ५जी वर मजेत व्हिडिओ बघतोय आणि गाडी गावाकडं निघाली, रस्त्यात मोबाईल ४जी वर आला. ४जी वर जे खर्च होतं ते कोट्यातून जातं. कोटा संपला की ४जी च्या भागात नेट मेलेलं आणि ५जी च्या भागात आलं की एकदम सुसाट. बघणाऱ्याला शंभर टक्के वाटणार की गावाच्या टॉवरमध्येच खोट आहे, आणि असतो तो कोटा.

आता मला जे खरंच खुपतं ते. जास्त डेटा वापरणारा म्हणजे रिकामटेकडा, असा एक समज आहे. लातूरला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरांकडं बघा, खोलीत वायफाय नाही, घरून एक मोबाईल दिलेला, क्लासचे रेकॉर्डेड लेक्चर, टेस्टचे पीडीएफ सगळं त्याच एका सिमवर. चांगल्या ४जी वर १० एमबीपीएस मिळत असेल आणि फाईली डाऊनलोडला लावल्या तर १.५ जीबी वीस मिनिटांत उडतो. कंपन्या म्हणतात थोडेच लोक सगळं नेटवर्क ओढतात म्हणून मर्यादा लागते, पण दुपारी दोनला कोटा संपला तर टॉवर अर्धा रिकामा असला तरी रात्री बारापर्यंत त्या पोराला ६४ च मिळणार. म्हणजे ही मर्यादा गर्दी सांभाळायला नाहीच, हा सरळ दराचा मामला आहे, आणि तो तसाच सांगावा. २०१६ ला ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, घरच्या वायरवाल्या ब्रॉडबँडसाठी कोटा संपल्यावरही किमान ५१२ केबीपीएस द्या असं बजावलं, मोबाईलला मात्र स्पीड किती राहील ते ग्राहकाला सांगा एवढंच. जिथं खेड्यात वायर पोचलीच नाही तिथं मोबाईल हेच घरचं ब्रॉडबँड आहे, मग त्याला किमान आकडा का नसावा?

अमेरिकेत बऱ्याच प्लॅनमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र करतात, ठरावीक जीबीच्या वर गेलात की स्पीड कायमचा पडत नाही, पण टॉवरवर गर्दी झाली की तुमचा नंबर रांगेत मागं जातो. तिथं एटी अँड टी या मोबाईल कंपनीनं अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनचा स्पीड पाडला म्हणून ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था एफटीसी २०१४ ला कोर्टात गेली आणि २०१९ ला कंपनीनं ६ कोटी डॉलरवर तडजोड केली. आपल्याकडं उलट्या बाजूनं प्रयत्न झाला होता, एअरटेल प्लॅटिनम आणि व्होडाफोन आयडियाचा रेडएक्स असे प्लॅन आले, जास्त पैसे द्या आणि नेटवर्कवर आधी जागा मिळवा. जुलै २०२० मध्ये ट्रायनं त्याला ब्रेक लावला, एकाला पुढं घेतलं तर बाकीच्यांचं काय हाच प्रश्न होता.

तर उपाय काय. कोटा असेल तर छोटा रिचार्ज चालतो, पण रोजच संपत असेल तर वरचा प्लॅन स्वस्त पडतो का तो हिशोब एकदा करा, व्हॉट्सअपचं ऑटो डाऊनलोड आणि मोबाईल डेटावरचा फोटो बॅकअप बंद करा. गर्दी असेल तर रिचार्ज मारू नका, १९८ ला तक्रार द्या आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नुसतं "नेट स्लो आहे" म्हणालात तर ते मोबाईल बंद करून चालू करा म्हणतील. गाव, वेळ, डेटा शिल्लक असल्याचा स्क्रीनशॉट, एकाच जागी केलेल्या तीन-चार स्पीड टेस्ट आणि शेजारच्या दोघा-तिघांच्या त्याच कंपनीच्या तक्रारी, असं घेऊन बोला. पोर्ट करायचंच असेल तर १९०० ला मेसेज टाकायच्या आधी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या माणसाला घरी बोलवा आणि रात्री नऊला, सकाळी अकराला नव्हे, तुमच्याच खोलीत त्याचं नेट चालवून बघा.