दारूच्या रिलॅप्सवरच्या औषधांची प्राण्यांवरची चाचणी

दारू सोडलेला माणूस काही महिन्यांनी परत प्यायला लागतो त्याला रिलॅप्स म्हणतात, आणि ते रोखणारं औषध माणसांना द्यायच्या आधी लॅबमधल्या प्राण्यांवर, बहुतेक वेळा रॅट म्हणजे मोठ्या उंदरांवर तपासतात.

जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत दोन बाटल्यांची. पिंजऱ्याला एक बाटली पाण्याची, एक अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याची, असं काही आठवडे ठेवायचं, मग दारूची बाटली काढून घ्यायची आणि काही दिवसांनी परत लावायची. उंदीर तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त पितो, हे सिंक्लेअर आणि सेंटर या संशोधकांनी १९६७ साली दाखवलं. हे उधाण थोडे दिवसच टिकतं, त्यामुळे औषध बाटली परत लावायच्या सुमारासच द्यावं लागतं, वेळ चुकली की सगळी मेहनत पाण्यात (की दारूत म्हणा). मोजमाप तसं साधंच, बाटलीचं वजन करायचं, पण उंदराला एका बाजूची सवय लागते म्हणून बाटल्यांच्या जागा बदलत राहतात आणि एका रिकाम्या पिंजऱ्यालाही बाटली लावून ठेवतात, जेवढी गळेल तेवढी वजा करायला.

दुसऱ्या पद्धतीत उंदीर पट्टी दाबून दारू मिळवायला शिकतो. मग दारू बंद करतात, हळूहळू दाबणंही थांबतं, आणि एक दिवस दारू मिळताना असायचा तोच दिवा लावला किंवा तोच वास दिला की गडी परत पट्टी दाबत सुटतो, मिळत काही नसतं तरी. इथे तो पितच नाही, म्हणजे मोजली जाते ती ओढ. दोन्ही पद्धतींचे आकडे सरसकट एकत्र धरणं मला तरी पटत नाही.

नुसतं पिणं कमी झालं म्हणून औषध चांगलं असंही नाही, उंदीर सुस्तावला असेल तरी कमीच पिणार. म्हणून खाणं, पाणी, हालचाल, साखरेच्या पाण्याची आवड हे सगळं सोबत बघतात.

गंमत म्हणजे अ‍ॅकॅम्प्रोसेट हे रिलॅप्स रोखायचं औषध फ्रान्समध्ये १९८९ पासून पेशंटना मिळत होतं, उंदरांचं हे उधाण त्याने कमी होतं ते नंतर, १९९६ मध्ये छापून आलं, म्हणजे इथे औषधानेच पद्धतीची परीक्षा घेतली. उलट मेंदूत ताणाचा संदेश देणाऱ्या सीआरएफ या रसायनाच्या यंत्रणेला अडवणारी औषधं उंदरांमध्ये जोरदार चालली आणि माणसांमध्ये दारूची ओढ काही कमी करू शकली नाहीत. डायबिटीसचं सेमाग्लुटाइड २०२३ मध्ये रॅटवर चाललेलं दिसलं, त्याच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्यात.