ईमेलमधल्या लिंकसाठी आम्ही तुमचे डोमेन लेखी का मागतो

येवल्याचे पैठणी दुकान असो की पिंपळगाव बसवंतची द्राक्षांची पेढी, काम हातात घेताना आम्ही साइटचा पूर्ण पत्ता लेखी मागतो, अगदी सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावायचे की नाही इथपर्यंत. "साइट तर तुम्हीच बनवताय, मग पत्ता आम्हाला कशाला विचारता?" असे बरेच जण म्हणतात. त्याचे हे उत्तर.

कोणी ब्राउझरमध्ये तुमची साइट उघडतो, तेव्हा त्याच्या विनंतीसोबतच डोमेनचे नाव सर्व्हरकडे येते. आम्ही वापरतो ते फ्लास्क, म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साइट बनवण्याचे साधन, हे नाव वाचून पूर्ण लिंक तयार करते. पण तुमच्या ग्राहकांना बिलाची लिंक देणारे ईमेल रात्री जातात. ते पाठवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर आपला आपण चालतो, त्या वेळी साइट कोणी उघडलेली नसते. कोणत्या बिलाचे पान हवे ते फ्लास्कला ठाऊक असते, डोमेन मात्र कळायला मार्ग नसतो. अशा वेळी ते अंदाज न बांधता एरर देऊन थांबते. आम्हाला हे योग्यच वाटते, कारण चुकीची लिंक एकदा ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये पोचली की परत घेता येत नाही.

म्हणून पत्ता आम्ही सेटिंगमध्ये नोंदवतो. 'सर्व्हर नेम'मध्ये डोमेन, आणि साइट एखाद्या उपमार्गावर (डोमेननंतर तिरप्या रेषेपुढे येणाऱ्या भागावर) असेल तर तो 'ॲप्लिकेशन रूट'मध्ये. लिंकची सुरुवात ठरवणारी 'प्रिफर्ड यूआरएल स्कीम' मुळात साधी एचटीटीपी असते, ती आम्ही न चुकता सुरक्षित एचटीटीपीएस करतो. पैशांच्या पानाची लिंक असुरक्षित जाऊ नये.

'सर्व्हर नेम'बाबत जुन्या साइट असलेल्यांनी एक लक्षात घ्यावे. फ्लास्क ३.१ च्या आधी ही सेटिंग भरली की साइट फक्त त्याच नावाला उत्तर देई, दुसऱ्या नावाने आलेल्याला ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही' असा संदेश दिसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१ पासून ही अट निघाली. तुमची साइट जुन्या आवृत्तीवर असेल तर दुसरे डोमेन जोडण्याआधी आम्हाला जरूर विचारा.

पासवर्ड बदलण्याच्या लिंकसाठीही आम्ही नोंदवलेलाच पत्ता वापरतो, तिथे साइट उघडलेली असली तरीही. विनंतीतले डोमेन खोटे पाठवता येते. त्यावर विसंबून लिंक बनवली, तर तुमच्याच नावाने गेलेल्या ईमेलमधून ग्राहक भामट्याच्या साइटवर पोचू शकतो.

डोमेन बदलायचे ठरले की बदलाच्या आधी कळवा. सेटिंग बदलून रात्रीची कामे पुन्हा सुरू करावी लागतात, नाहीतर बिले जुन्याच पत्त्याने जात राहतील. आणि जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबवू नका. आधी गेलेले ईमेल, व्हॉट्सॲपवरच्या लिंक, खोक्यांवर छापलेले क्यूआर कोड बदलता येत नाहीत. डोमेन सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर ते सगळे त्याच्याकडे जातील. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय आम्ही करून देतो.