सैन्यदलातील दंतवैद्य

सैन्यदलातील दंतवैद्य : भूदल, नौदल व हवाई दल यांतील जवान आणि अधिकारी यांचे दात, हिरड्या व जबडा यांची काळजी घेणारा गणवेशातला डॉक्टर. भारतात हे काम आर्मी डेंटल कोअर या स्वतंत्र दलाकडे आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १ फेब्रुवारी १९४१ रोजी, ते इंडियन आर्मी डेंटल कोअर या नावाने उभे राहिले. नावात भूदल असले तरी त्याचे अधिकारी तिन्ही दलांत नेमले जातात. नौदलात गेलेल्याच्या हुद्द्याआधी ‘सर्जन’ आणि नंतर कंसात ‘डी’ हे अक्षर लागते. दंतसेवेचे महासंचालकपद लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्याचे आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत या विषयाची ओळख बहुतेकांना भरतीमुळे होते. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या पोरांना सोळाशे मीटरची वेळ तोंडपाठ असते, छाती किती फुगली पाहिजे तेही ठाऊक असते. दातांचा विचार मात्र मेडिकलची तारीख हातात पडल्यावर सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मेडिकलमधला दातांचा निकष, ‘चौदा पॉइंट’, म्हणजे काय, हे इथे जरा सविस्तर सांगणे गरजेचे आहे.

मेडिकलमध्ये दात नुसते मोजत नाहीत, त्यांची जोडी पाहतात. वरचा दात खालच्या दातावर नीट टेकून काम देत असेल तरच त्याचा गुण मिळतो. पटाशीचे दोन दात, सुळा आणि दोन उपदाढा यांना प्रत्येकी १ गुण. पहिल्या व दुसऱ्या दाढेला प्रत्येकी २. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर तिलाही २, अर्धवट असेल तर १. अशा रीतीने एका बाजूचे ११ आणि दोन्ही बाजू मिळून २२ गुण होतात. अक्कलदाढा नीट वाढलेल्या नसतील तर बत्तीस दात असूनही बेरीज २० वर थांबते. पात्र ठरायला किमान १४ गुण हवेत. शिवाय प्रत्येक जबड्यात पुढच्या सहापैकी चार आणि मागच्या दहापैकी सहा दात समोरच्या दाताशी जुळलेले असावे लागतात.

या हिशेबातली मेख साधी आहे. खालची एक दाढ किडली म्हणून काढून टाकली, की तिच्यावरची धडधाकट दाढही मोजणीतून बाद होते आणि एकदम २ गुण जातात. ‘दात दुखी ऱ्हायना, काढी टाक’ (दात दुखतोय, काढून टाक) असे म्हणून कोवळ्या वयात दाढ उपटून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते; आईबापांना ती दुधाची वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. सिमेंट भरून किंवा रूट कॅनॉल करून वाचू शकणारी दाढ अशी पंधराव्या वर्षी गेलेली असते.

दुसरा अडसर तंबाखू, सुपारी आणि गुटख्याचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळायची थांबलेली नाही. सुपारीच्या सवयीने गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. घरच्या घरी करण्याची एक चाचणी आहे : आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. ती जात नसतील तर दंतवैद्य गाठायलाच हवा. सैन्याच्या निकषानुसार हे अंतर ३० मिलिमीटरपेक्षा कमी असलेला उमेदवार अपात्र ठरतो. पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारी ही अवस्था आहे. त्यामुळे भरती हुकणे हे त्या मुलाचे सर्वांत लहान नुकसान असते. औषधाने व सफाईने बरा होणारा पायोरिया आड येत नाही, पण हिरड्या पार सडलेल्या असतील तर नकार मिळतो.

सैनिकाच्या दाताची फिकीर कोअरपेक्षा जुनी आहे. तोंडाकडून ठासायच्या बंदुकांच्या काळात काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे. पुढचे दात नसलेला माणूस शिपाई म्हणून निरुपयोगी ठरे. १८५७ चा भडका ज्या काडतुसांवरून उडाला तीही दातांनीच तोडायची होती. जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावी खानदेश भिल्ल पलटण उभी केली तो काळ याच बंदुकांचा. वेगळे दंतदल मात्र विसाव्या शतकाची देणगी आहे. अमेरिकेने ते १९११ मध्ये आणि ब्रिटनने १९२१ मध्ये स्थापले. १९१४ मध्ये फ्रान्समधल्या एन नदीच्या लढाईत ब्रिटिश सेनानी डग्लस हेग दाढदुखीने बेजार झाले आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला, कारण फौजेबरोबर एकही नव्हता. सेनानीसाठी पॅरिसहून माणूस आला. खंदकातल्या शिपायांच्या दाढांना तेव्हा कोण विचारणार होते?

या दलात शिरण्याची नेहमीची वाट शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या अंतिम वर्षात किमान ५५ टक्के गुण, इंटर्नशिप पूर्ण, वय ४५ च्या आत आणि नीट-एमडीएस या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा गुणांक, एवढे असले की अर्ज करता येतो. त्यानंतर मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. निवड झालेला थेट कॅप्टन होतो. नेमणूक आधी ५ वर्षांची असते, ती आणखी ९ वर्षांपर्यंत वाढवता येते. मधल्या काळात खात्यांतर्गत परीक्षेतून कायम कमिशन मिळवण्याची संधी असते. खाजगी प्रॅक्टिस बंद, त्याबद्दल वेगळा भत्ता. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, त्यामुळे खानदेशातल्या मुलामुलींना बीडीएससाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे राहिलेले नाही. पदवीनंतर तालुक्याच्या गावी खुर्ची, कॉम्प्रेसर आणि एक्स-रे घ्यायचा तर कर्ज काढावे लागते. अशा वेळी ही नोकरी शेतकऱ्याच्या घरातल्या डॉक्टरला मोठा आधार देऊ शकते, पण ही वाट त्यांना कॉलेजात कोणी आवर्जून सांगत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. दंत महाविद्यालयांचे वर्ग मुलींनी भरलेले असताना एका भरतीत ३० पैकी २७ जागा पुरुषांसाठी राखल्या गेल्या होत्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक नाराजी व्यक्त केली. ती योग्यच होती.

शांततेच्या ठाण्यावरचे काम बाहेरच्या दवाखान्यासारखेच दिसते : सिमेंट भरणे, स्केलिंग, रूट कॅनॉल, कवळ्या, कुटुंबीयांची तपासणी. फरक दृष्टीत आहे. बाहेर दुखले की पेशंट येतो. इथे दुखण्याआधी जवानाला बोलावून घेतात. दुर्गम चौकीवर, पाणबुडीत किंवा लांबच्या सफरीवर जाणाऱ्याच्या तोंडात वर्षभरात पेटू शकेल अशी दाढ ठेवून त्याला पाठवायचे नाही, हा या सेवेचा गाभा आहे. बर्फात अडकलेल्या चौकीवर एका माणसाची दाढ सुजली तर त्याला खाली आणायला हेलिकॉप्टर लागते, आणि हवामान बिघडले तर तेही मिळत नाही. वैमानिकाची गोष्ट याहून नाजूक. उंचीवर बाहेरचा दाब उतरतो, दातातली नस आधीच सुजलेली असेल तर कळ उठते. जमिनीवर गप्प असलेला दात आकाशात बोलू लागतो.

उंच, थंड प्रदेशात साधी कामेही अवघड होतात. भूल देण्याची काचेची नळी गोठू नये म्हणून कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी लागते. सिमेंट घट्ट व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. वीज नसेल तर ड्रिल बाजूला ठेवून हातातल्या चमच्यासारख्या अवजाराने कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर हे दात भरायचे सिमेंट बोटाने दाबून बसवायचे. घडीची खुर्ची, पेटीतले पोर्टेबल युनिट आणि एक मदतनीस जवान, एवढ्यावर दवाखाना उभा राहतो.

गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा चेहऱ्यावर लागतो तेव्हा दंतवैद्याचे काम पार बदलते. मोडलेला जबडा मागे सरकला की जीभ घशात पडून श्वास कोंडतो, म्हणून पहिली धडपड श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची. मग दातांनाच तारा गुंफून वरचा-खालचा जबडा एकमेकांशी बांधतात. मुख व जबडा शल्यचिकित्सेतले तज्ज्ञ पुढे हाडे जोडतात, गरजेनुसार प्लेट बसवतात. जखमी खूप आले तर दंतवैद्यही जखमा बांधायला आणि सलाइन लावायला उभा राहतो. जिनिव्हा करारांनुसार तो वैद्यकीय कर्मचारी आहे, त्याच्यावर हल्ला करता येत नाही.

आणखी एक काम आहे, त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. विमान कोसळून किंवा आग लागून ओळख पटेनाशी झाली की दात उरतात. कोणती दाढ भरलेली, कोणती काढलेली, हे दंतनोंदीत लिहिलेले असते. त्या नोंदीशी ताडून मृताचे नाव सांगता येते. ही नोंद नीट ठेवणारा अधिकारी एखाद्या गावी योग्य घरी योग्य माणूस पोहोचवतो.

निवृत्तीनंतरची सोय १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेतून होते. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्य असतो, बहुधा कंत्राटावरचा नागरी डॉक्टर. जवळचे मोठे लष्करी ठाणे देवळाली. भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून रेल्वेने मनमाड ओलांडून तिथे जाता येते. पेन्शनर आजोबा कवळी बसवायला येतात तेव्हा डॉक्टर त्यांच्या दातांत निळा कागद ठेवून ‘चावा, आता बाजूला घासा’ असे सांगतात. निळा डाग जिथे गडद उठतो तिथे कवळी घासून उतरवायची, पुन्हा कागद, पुन्हा चावा. तीन-चार वेळा हे झाले की आजोबा विचारतात, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चालेल का? पहिले काही दिवस ती भाजीच्या रश्शात भिजवून खायची, असे डॉक्टर सांगतात.