आयनिक ब्रशच्या मुठीतली वीज

दात घासण्यात वीज आणायची हौस बॅटरीच्या ब्रशपेक्षा बरीच जुनी. 1880 च्या दशकात ‘डॉ. स्कॉट’ या नावाने ‘इलेक्ट्रिक’ केसांचे ब्रश खपत होते. मुठीत चुंबकित लोखंडाच्या कांड्या, बाकी ना तार ना बॅटरी. त्याच नावाने टूथब्रशही विकला गेला. गोव्यात तेव्हा आंब्याचे पान, मीठ आणि कोळशाची पूड यांवर काम भागायचे (कोळशाने दात चकाकतात खरे, पण इनॅमलही झिजते). 1938 मध्ये नायलॉनचे केस आले आणि 1954 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ब्रॉक्सोडेंट हा थेट विजेवर चालणारा ब्रश. त्यात वीज फक्त डोके हलवायची.

आयनिक ब्रशची गोष्ट वेगळी, कारण त्यात काहीच हलत नाही. त्याचा दावा दाताच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराबद्दल आहे. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर त्यावर बसतो. हा थर आणि जिवाणू दोन्ही बहुतांशी ऋणभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. तरी ते चिकटतात, त्याचे एक कारण लाळेतले कॅल्शियम: त्याचा दुहेरी धनभार दोघांमध्ये पुलासारखा बसतो. दाताचा भार क्षणभर पालटला तर हा पूल तुटेल आणि प्लाक (दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर) ब्रशकडे ओढला जाईल, अशी कल्पना.

जपानमध्ये तिला दोन वाटा फुटल्या. एका प्रकारात मुठीत साधारण 3 व्होल्टची लिथियम बॅटरी, बाहेर धातूची पट्टी आणि मानेत धातूची कांडी असते. दुसऱ्या, सोलाडे या ब्रँडसारख्या प्रकारात बॅटरीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडची कांडी असते आणि प्रकाश पडल्यावर ती इलेक्ट्रॉन सोडते. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये या पदार्थाने प्रकाशात पाण्याचे विघटन होते हे प्रसिद्ध केले होते. अडचण अशी की हा पदार्थ मुख्यतः अतिनील प्रकाश शोषतो, आणि न्हाणीघरातल्या एलईडी दिव्यात तो जवळपास नसतोच.

बॅटरीच्या ब्रशचे विद्युतमंडल शरीरातून पुरे होते: पट्टी, अंगठा, शरीर, दात, लाळ, कांडी. नायलॉनचे केस वीज वाहत नाहीत, त्यामुळे डोके ओले नसेल तर काहीच घडत नाही. अंगठ्याचेही तसेच. कोरड्या कातडीचा रोध लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे 3 व्होल्टवर जेमतेम 30 मायक्रोअँपिअर. ओल्या अंगठ्याने हा रोध दहापटीनेही घसरू शकतो. मूठ पट्टी सोडून धरली, किंवा बॅटरी संपली, तरी ब्रश नेहमीसारखा घासतोच. त्यामुळे चूक कळत नाही. पावसाळ्यात गोव्याच्या दमट न्हाणीघरांत संपर्कबिंदूंवर गंज चढतो. ब्रश झटकून, पट्टी पुसून, टोपण न लावता उभा ठेवावा.

शास्त्राची बाजू मात्र लंगडी. भाराचे आकर्षण पहिल्या थरापुरते महत्त्वाचे; एक-दोन दिवसांचा प्लाक जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या चिकट ग्लुकानने धरलेला असतो. चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत: काहींत आयनिक ब्रश सरस ठरला, काहींत बॅटरी जोडलेल्या आणि न जोडलेल्या ब्रशांत फरक दिसला नाही. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) विजेच्या ब्रशांनी साध्या ब्रशपेक्षा प्लाक तीन महिन्यांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 21 टक्के कमी केला, पण त्यातला सर्वात भक्कम पुरावा डोके उलटसुलट फिरणाऱ्या ब्रशांचा होता. आयनिक ब्रशच्या जाहिरातीत हे आकडे दिसले तर ते उसने आहेत असे समजावे.

घरी करून पाहायचे असेल तर प्लाक मोजण्याची 1972 ची ओ'लिअरी पद्धत सोपी आहे. आधी दंतवैद्याकडून किटण काढून घ्यावे (बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही होते), कारण घट्ट झालेले किटण कुठल्याच ब्रशने निघत नाही. मग दोन आठवडे बॅटरीसह, दोन आठवडे बॅटरीविना. पेस्ट, वेळ आणि हात तोच. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, ब्रश झाल्यावर, ओठांना व्हॅसलिन लावून प्लाक रंगवून दाखवणारी गोळी चघळावी, अर्धा मिनिट तोंडात फिरवून थुंकावी आणि एकदाच चूळ भरावी. दर दाताच्या चार बाजू, हिरडीलगत, मोजायच्या. 28 दातांच्या 112 बाजूंपैकी 28 रंगल्या तर 25 टक्के. 10 च्या आसपास आले की उत्तम. मोजणी घरातल्या दुसऱ्याने करावी आणि कुठला टप्पा चालू आहे ते त्याला सांगू नये. नवा ब्रश हातात आला की माणूस आपोआप जास्त वेळ घासतो, म्हणून घड्याळ लावून दोन मिनिटेच. आणि दातांमधल्या फटींचे आकडे वेगळे लिहावेत: तिथे दोन्ही टप्प्यांत रंग सारखाच राहिला तर नवल नाही, तिथे केस पोचत नाहीत आणि फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रशच लागतो.