एल्फिन्स्टन या आडनावात दगड नाही

ब्रिटनमध्ये एल्फिन्स्टन आडनावाची माणसं शोधावी लागतात. मुंबईत मात्र हे नाव रोज तिकीट खिडकीवर ऐकू यायचं. मूळ नाव एका गावाचं. स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या पूर्वेला, ट्रॅनंटजवळ ते गाव आजही आहे. जमिनीचं नाव कुटुंबाला चिकटलं, आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखंच. तेराव्या शतकापासून नोंदी सापडतात. त्यामुळे 'चौदाव्या शतकात हेल्फेनस्टाइन नावाचा जर्मन सरदार आला, त्याचा हा वंश' ही घराण्यातली कथा तारखांतच अडकते.

खरा घोळ शेवटच्या अक्षरांचा. इंग्रजीत ती 'स्टोन' अशी लिहितात, म्हणून हौशी मंडळी 'दगडातला एल्फ' (एल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांतला जादुई जीव) असा अर्थ काढतात. पण इथे दगड नाहीच. 'स' षष्ठीचा आणि 'टन' म्हणजे वाडी, वस्ती. लिव्हिंगस्टन, जॉन्स्टन ही आडनावंही याच घडणीची. म्हणजे एल्फिनची वाडी. हा एल्फिन कोण, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, आल्पिन हे केल्टिक, म्हणजे इंग्रजांआधीच्या तिथल्या लोकांचं नाव. दुसरं म्हणतं, जुन्या इंग्रजीतलं एल्फवाइन, म्हणजे एल्फांचा मित्र. मला दुसरं पटतं: त्या मुलखावर नॉर्थम्ब्रियाच्या इंग्रजी राजांचा दीर्घकाळ अंमल होता आणि 'टन'ही इंग्रजीच. तसं असेल तर हाकललेला एल्फ मागच्या दाराने परत आला म्हणायचं! मराठी माणसाने मात्र 'एल्फिन्स्टोन' कधी म्हटलं नाही, 'एल्फिस्टन'च म्हटलं. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा आपला उच्चार मुळाला जास्त धरून आहे.

मुंबईत या आडनावाचे दोन गव्हर्नर झाले, काका-पुतणे. १८१९ ते १८२७ काकांचा काळ. एल्फिन्स्टन कॉलेजला नाव त्यांचं. पुतण्याचा १८५३ ते १८६०; एल्फिन्स्टन रोड स्टेशनला नाव त्याचं. २०१८ मध्ये स्टेशनचं प्रभादेवी झालं, तेव्हा समर्थक आणि विरोधक दोघंही बहुतेक काकांबद्दलच भांडत होते. नाव बदलणं योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. निदान कोणाचं नाव काढतोय हे तरी पाहायचं होतं. स्टेशनलगतच्या पुलाला लोक त्यानंतरही एल्फिन्स्टन पूलच म्हणत राहिले. २०२५ मध्ये तोही पाडण्यासाठी बंद झाला. कॉलेजचं नाव अजून तेच आहे.